पॅराग्वेचा चाको: धूळ, दूध आणि दोन लाख माणसं

डाळिंबराव · ८ जून, रात्री १०:४०

मंडळी, मागे ‘तुम्ही पाहिलेला सगळ्यात कंटाळवाणा प्रदेश कोणता’ या धाग्यावर मी ‘चाको’ एवढंच लिहून पळालो होतो. तेव्हा काहींनी ‘हे खातात की पितात?’ असं विचारलं होतं. लिहितो लिहितो म्हणत दोन वर्षं गेली. आज इथे ढग येऊन नुसतेच निघून गेले, झोप येत नाही, तर लिहून टाकतो. आणि तेव्हाचा ‘कंटाळवाणा’ हा शब्द आधी मागे घेतो.

माझं काम दूध-प्रक्रियेच्या यंत्रांचं. त्या निमित्ताने पॅराग्वेच्या चाकोत चौदा महिने राहिलो. पॅराग्वे नावाचीच नदी या देशाचे उभे दोन भाग करते. पूर्वेला लाल माती, सोयाबीन, शहरं आणि शंभरातली सत्त्याण्णव माणसं. पश्चिमेला चाको, सुमारे २,४७,००० चौरस किलोमीटर, म्हणजे देशाचा साठ टक्के भाग. आपला अख्खा महाराष्ट्र ३,०७,००० चौरस किलोमीटर आहे, त्यावरून अंदाज करा. एवढ्या जागेत माणसं दोन लाखांच्या आसपास. आमच्या एकट्या सांगोला तालुक्यात तीन लाखांवर आहेत! उत्तरेचा आल्तो पॅराग्वे नावाचा जिल्हा तर मराठवाड्याहून मोठा, आणि लोक वीस हजारसुद्धा नाहीत.

राजधानी असुन्सियोन सोडली की रेमान्सोचा पूल लागतो. पूल उतरलात की चाको सुरू. तिथून वायव्येला बोलिव्हियाच्या हद्दीकडे एकच मोठा रस्ता जातो, ट्रान्स-चाको. फिलाडेल्फिया गावापर्यंत साडेचारशे किलोमीटर, आणि स्टेअरिंग वळवायचं काम जवळजवळ नाहीच. पहिले दोन-अडीचशे किलोमीटर पाणथळ. दोन्ही बाजूंना कारांदाई नावाचे ताडासारखे पाम, हजारोंनी. विजेचे खांब आणि कुंपणाचे डांबही त्यांच्याच खोडांचे, त्यामुळे जिवंत झाड कुठलं आणि खांब कुठला हे लांबून कळत नाही. पोसो कोलोरादोच्या फाट्यावर डिझेल आणि जेवण. पुढे जमीन हळूहळू कोरडी होत जाते, पाम संपतात, काटेरी रान सुरू होतं. मधूनमधून पोट सुटलेली बाटलीसारखी झाडं दिसतात. ग्वारानी भाषेत त्यांना सामुऊ म्हणतात, स्पॅनिशमध्ये ‘पालो बोराचो’, म्हणजे दारुडं झाड. पोटात पाणी साठवतं म्हणून पोट सुटलेलं.

दगड नाही. हे आपल्या सह्याद्रीतल्या माणसाला सांगूनही पटत नाही. अँडीज पर्वतातून लाखो वर्षं वाहून आलेला गाळ पसरून ही जमीन झाली आहे. उत्तरेला सेर्रो लेओनसारख्या थोड्या टेकड्या सोडल्या तर सगळं सपाट. चौदा महिन्यांत मला एकदाही ठेच लागली नाही. रस्त्याची खडीसुद्धा लांबून आणावी लागते. इतकं सपाट की नद्यांनाही कुठे जायचं ते कळत नाही. अर्जेंटिनाच्या हद्दीवरची पिल्कोमायो नदी स्वतःच्याच गाळात अडकून दलदलीत पसरते आणि हरवते.

आता पाणी. मला वाटलं होतं, दुष्काळी भागातला माणूस मी, मला हे काय शिकवणार? पण चाकोच्या मध्यावर वर्षाला आठशेच्या आसपास मिलीमीटर पाऊस पडतो. सांगोल्यात एवढा पडला तर लोक पेढे वाटतील. तरी तिथे पाण्याची मारामार. कारण एक, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार आणि वर उत्तरेचा वारा, त्यामुळे पडलेलं पाणी उडून जातं. कारण दोन, जमिनीखालचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारट. विहीर खणा, पाणी लागतं, पण गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. म्हणून सगळी भिस्त छपरावर. प्रत्येक घराच्या पत्र्याला पन्हळ, पन्हळीखाली टाकी. शंभर चौरस मीटरचं छप्पर आणि आठशे मिलीमीटर पाऊस म्हणजे ऐंशी हजार लिटर, हा हिशोब तिथे शेंबड्या पोराला येतो. माझ्या घरमालकाने घर दाखवताना आधी टाकी दाखवली, झाकण उघडून आत टॉर्च मारला, मग खोल्या दाखवल्या. गुरांसाठी शेततळी, त्यांना ताहामार म्हणतात. तळ्यातून पवनचक्कीने पाणी उंचावरच्या टाकीत चढवायचं आणि तिथून उताराने गव्हाणीत सोडायचं. हल्ली पॅराग्वे नदीचं पाणी सुमारे दोनशे किलोमीटर पाइपातून मध्य चाकोत आणलं आहे, पण म्हणून टाकी कुणी बुजवली नाही.

आणि रस्ते. डांबरी रस्ता सोडला की सगळे मातीचे. पाऊस झाला की सरकारी माणूस येऊन रस्त्याला साखळी लावतो. बंद म्हणजे बंद. ओल्या चिकणमातीत एक ट्रक गेला तरी चाकोऱ्या पडतात, आणि वाळल्यावर त्या दगडासारख्या होतात. म्हणून ‘अमुक गाव किती लांब?’ याला तिथे किलोमीटरमध्ये उत्तर मिळत नाही. ‘कोरडं असेल तर दोन तास, ओलं असेल तर पुढच्या आठवड्यात.’ एकदा मी एका गोठ्यावर दूध थंड करायची टाकी बसवायला गेलो आणि रात्रीत साठ मिलीमीटर झाला. गेलो होतो दुपारपुरता, राहिलो पाच दिवस. मालक माझ्यापेक्षा खूश! रोज सकाळी अंगणातलं पर्जन्यमापक बघायचा आणि फोनवरून नातेवाइकांना आकडा सांगायचा. तिथे भेटल्यावर ‘कसं काय’ नंतरचा प्रश्न तोच: ‘तुमच्याकडे किती मिलीमीटर?’

हात दुखले. बाकीचं विचाराल तसं सांगतो.

केतकीबन · ८ जून, रात्री ११:१५

वाचतेय. टाकीत टॉर्च मारणारा घरमालक फार आवडला. पण तिथे राहतं कोण? दूध कुणाचं? पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

तिरकस · ८ जून, रात्री ११:५२

दगड नाहीत म्हणजे निवडणुकीची सभा अगदी सुरक्षित.

नकाशावेडा · ९ जून, सकाळी ७:२०

मस्त धागा. थोडी भर घालतो. चाको हा प्रदेश अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि थोडासा ब्राझीलमध्येही पसरला आहे. डाळिंबराव सांगताहेत तो पॅराग्वेचा भाग, तिथल्या तीन जिल्ह्यांचा. त्यातल्या एकाचं नाव ‘प्रेसिदेन्ते हायेस’. हा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष रदरफोर्ड हेज! १८६४ ते ७० च्या युद्धात ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वेने मिळून पॅराग्वेला पार धुळीला मिळवलं. पुढे अर्जेंटिनाने चाकोवर हक्क सांगितला, तेव्हा लवाद म्हणून हेजला नेमलं. त्याने १२ नोव्हेंबर १८७८ ला पॅराग्वेच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेत त्याला फारसं कुणी आठवत नाही, पण इथे त्याच्या नावाचा जिल्हा, त्याच्या नावाचं मुख्य गाव आणि त्या तारखेला जिल्ह्यात सुट्टी.

डाळिंबराव · ९ जून, दुपारी १:३०

नकाशावेडा, हे मलाही तिथे गेल्यावरच कळलं. मला ती एक सुट्टी फुकटात मिळाली होती.

केतकीबन, दूध कुणाचं याचं उत्तर जरा लांब आहे. फिलाडेल्फियाचा मुख्य रस्ता ‘हिंडेनबुर्ग’ नावाचा. दुकानात काउंटरवरची बाई जर्मनसारखं काहीतरी बोलते, पण ती जर्मन नव्हे, प्लाउटडीच. हे मेनोनाइट. मूळचे नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीकडचे ख्रिस्ती, हत्यार न उचलणं हे त्यांच्या धर्माचं कलम. त्यापायी चारशे वर्षं या देशातून त्या देशात. प्रशियातून रशियात, तिथून काही कॅनडात. पहिल्या महायुद्धानंतर कॅनडात इंग्रजी शाळांची सक्ती झाली तेव्हा त्यांनी पॅराग्वेशी बोलणी केली. पॅराग्वेने १९२१ मध्ये खास कायदा करून त्यांना लष्करी सेवेतून सूट दिली, शाळा आणि भाषाही त्यांची त्यांना ठेवू दिली. देशाला माणसं हवी होती आणि चाकोत राहायला कुणी तयार नव्हतं.

१९२६ च्या अखेरीस कॅनडातून सुमारे १,७०० जण निघाले. नदीकाठच्या पुएर्तो कासादो या बंदरात उतरले तर जमिनीची मोजणीच झालेली नव्हती. वर्षाहून जास्त काळ तंबूत काढला. विषमज्वराची साथ आली, दीडशेहून जास्त दगावले, त्यात लहान मुलंच जास्त. काही परत फिरले. उरलेल्यांनी मेन्नो वसाहत वसवली, तिचं मुख्य गाव लोमा प्लाता, मी राहायचो ते. १९३० मध्ये रशियातून पळालेल्यांची दुसरी वसाहत आली, फर्नहाइम, म्हणजे ‘दूरचं घर’. त्यांना मधल्या काळात जर्मनीने आसरा दिला, तेव्हा हिंडेनबुर्ग अध्यक्ष होता, म्हणून तो रस्ता. त्यातले काही तर गोठलेली आमूर नदी ओलांडून चीनमधल्या हार्बिनला पोचले आणि तिथून चाकोत! तिसरी नॉयलँड, १९४७ ची, महायुद्धातल्या निर्वासितांची. तीत बायका जास्त होत्या, कारण नवरे युद्धात नाहीतर त्याआधी स्तालिनच्या काळात नाहीसे झाले होते.

घरमालकाची आई नव्वदीची. तिने मला विचारलं होतं, ‘तुमच्या देशातून तुम्हाला कुणी हाकललं?’ मी म्हटलं, कुणी नाही, नोकरीसाठी आलो. तिला ते काही केल्या पटेना.

चष्मिस · ९ जून, दुपारी २:०५

म्हणजे हे सहकारी दूध आहे का? आमच्याकडच्या मंडळींना अभ्यासदौरा काढायला एक नवीन देश मिळाला म्हणायचा.

डाळिंबराव · ९ जून, रात्री ९:४०

चष्मिस, सहकारीच. तिन्ही वसाहतींच्या आपापल्या संस्था. मेन्नोची चोर्टित्सर, तिचं ‘त्रेबोल’ दूध असुन्सियोनच्या प्रत्येक दुकानात दिसतं. देशातल्या दुधाचा मोठा हिस्सा या वसाहतींमधून जातो. १९६१ च्या सुमारास ट्रान्स-चाको रस्ता झाला नसता तर हे शक्य नव्हतं. त्या आधी माल बैलगाडीने आणि केब्राचो लाकडासाठी टाकलेल्या छोट्या रेल्वेने नदीकाठी न्यायचा, मग बोटीने खाली. हा रस्ता करताना, सैन्यात जायला नकार दिलेले अमेरिकन मेनोनाइट तरुण बुलडोझर चालवायला आले होते.

आमच्या भागातल्या संस्था पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट खटकते, म्हणजे चांगल्या अर्थाने. दवाखाना, शाळा, वृद्धाश्रम, गावातले रस्ते हे सगळं सभासदांच्या पैशातून. आणि चेअरमनची गाडी कुठली हे मला चौदा महिन्यांत ओळखता आलं नाही, कारण ती बाकीच्यांसारखीच धुळीने माखलेली. पण भाबडेपणाने डोक्यावर घ्यायलाही नको. सभासदत्व सगळ्यांना खुलं नाही. त्यावर उद्या लिहितो.

गुरांचा_डॉक्टर · ९ जून, रात्री १०:१०

एक प्रश्न, गाई कुठल्या? चाळीस अंशांत होल्स्टीन कशी जगते?

डाळिंबराव · ९ जून, रात्री १०:३५

डॉक्टर, वाटच बघत होतो! दुधाला होल्स्टीनच, सावली, पंखे, पाण्याचे फवारे लावून. पण मांसाच्या गुरांचे कळप बघायला पहिल्यांदा गेलो आणि कुंपणापाशी गाडी थांबवून उतरलोच. पांढरीशुभ्र जनावरं, पाठीवर वशिंड, गळ्याखाली लोंबती पोळी. पोळ्याच्या मिरवणुकीतून उठून आल्यासारखी. मी म्हटलं, ही आपली. शेजारचा गुराखी म्हणाला, ‘नेलोरे. ब्राझीलची.’

गुरांचा_डॉक्टर · १० जून, सकाळी ६:५०

ब्राझीलची म्हणजे आंध्रातली ओंगोल. एकोणिसाव्या शतकापासून तिकडे नेली, नेल्लोरवरून नाव पडलं नेलोरे. ब्राझीलमधली मांसाची बहुतेक गुरं या रक्ताची आहेत. गीरही तिकडे गेली. ब्राह्मण जात अमेरिकेत तयार झाली तीही आपल्याच गुरांपासून. ऊन सोसते, गोचिडांना दाद देत नाही, निकृष्ट चाऱ्यावर तग धरते. चारा काय असतो तिथे?

डाळिंबराव · १० जून, दुपारी १:१५

एक बुफेल नावाचं गवत, आणि दुसरं गिनी गवताची एक जात, गॅटन.

गुरांचा_डॉक्टर · १० जून, दुपारी १:२२

बुफेल म्हणजे आपलं अंजन गवत हो! गायही आपली, गवतही आपल्या ओळखीचं.

केतकीबन · १० जून, दुपारी ३:००

आणि बदल्यात त्यांनी वेडी बाभूळ पाठवली का? ती दक्षिण अमेरिकेची ना?

नकाशावेडा · १० जून, दुपारी ३:४५

जवळपास. आपल्याकडे पसरलेली वेडी बाभूळ मेक्सिको, कॅरिबियन आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाकडची. चाकोत तिची चुलत भावंडं आहेत, अल्गारोबो म्हणतात. तिथले मूळ लोक त्याच्या शेंगा दळून पीठ करतात, आंबवून पेयही करतात. पण चाकोने आपल्याला दिलेली खरी देणगी म्हणजे भुईमूग. बोलिव्हियाचा दक्षिण भाग आणि अर्जेंटिनाचा वायव्य कोपरा, चाकोच्या अगदी कडेला, भुईमुगाचे रानटी पूर्वज तिथे सापडतात.

आजीचा_डबा · १० जून, सायंकाळी ५:१०

थांबा थांबा. शेंगदाणे तिकडचे. साबुदाणा ज्या कंदाचा, तो कसावाही दक्षिण अमेरिकेचा. बटाटा अँडीजचा. मिरची अमेरिकेची. म्हणजे एकादशीच्या खिचडीत आपलं म्हणायला जिरं आणि तूप, बास?? आजीला सांगू की नको?

तिरकस · १० जून, सायंकाळी ५:१४

सांगू नका. चतुर्थी तोंडावर आहे.

डाळिंबराव · १० जून, रात्री ९:०५

आजीचा_डबा, खिचडीचा प्रयोग मी केलाय! कसावाला तिथे मांदिओका म्हणतात, भातासारखा रोज ताटात, उकडून. पिष्ठ मिळतं, साबुदाणा नाही. त्या पिष्ठाची आणि चीजची तव्यावरची ‘म्बेजू’ नावाची भाकरी करतात, आपल्या साबुदाणा थालीपिठाची मावसबहीण. मात्र तिच्यात बहुतेकदा डुकराची चरबी असते, तेव्हा उपवासाला विचारून खावी. शेंगदाणे वसाहतीतलेच, मेनोनाइट शेतकरी पिकवतात. कूट करायला खलबत्ता मागितला तर त्यांनी मला मांसाचा खिमा करायचं यंत्र आणून दिलं. शाकाहारी माणसाने चाकोत जाऊ नये असं नाही, पण स्वयंपाक येत असावा.

पिण्याचं म्हणाल तर तेरेरे. येर्बा माते नावाच्या झाडाची पानं, गाईच्या शिंगाच्या पेल्यात भरायची, वरून बर्फाचं पाणी, खाली जाळी असलेली धातूची नळी. पाण्यात औषधी पाला कुटून घालतात. पेला एकच, नळी एकच, सगळे गोल बसून आळीपाळीने ओढतात. ओतणारा ठरलेला असतो. पहिल्या दिवशी माझ्या हातात पेला आला, प्यायलो, संस्कार आडवे आले, ‘ग्रासियास’ म्हणून परत दिला. नंतर तीन फेऱ्या मला वगळून गेल्या. तिथे ‘धन्यवाद’ म्हणजे ‘पुरे’. हे मला कुणी सांगितलं नाही, मी आपला बेचाळीस अंशांत कोरड्या घशाने हसत बसलेलो. युनेस्कोने २०२० मध्ये तेरेरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा मी मनात म्हटलं, नियमपण लिहा खाली.

तिरकस · १० जून, रात्री ११:३०

आता जरा गंभीर. डाळिंबराव, लेखन छान आहे, पण दोन दिवस झाले, धाग्यावर गाई आल्या, गवत आलं, खिचडी आली. ‘राहायला कुणी तयार नव्हतं’ असं तुम्ही लिहिलंत. मेनोनाइट येण्याआधी तिथे कुणीच नव्हतं का? १८७० च्या युद्धानंतर कर्जबाजारी सरकारने चाको परदेशी कंपन्यांना विकला, तेव्हा विकलेल्या जमिनीवरची माणसं कुठे गेली? आणि गुरांसाठी तिथलं जंगल किती वेगाने साफ होतंय, तेही लिहा.

डाळिंबराव · ११ जून, रात्री १०:२०

तिरकस, बरोबर पकडलंत. ते वाक्य चुकीचं आहे. परवा ‘उद्या लिहितो’ म्हटलं होतं ते हेच.

लोमा प्लाता आणि फिलाडेल्फिया ज्या जमिनीवर आहेत ती एनलेट लोकांची. त्याशिवाय निवाक्ले, आयोरेओ, ग्वारानी आणि आणखी बरेच. खाऱ्या जमिनीत गोडं पाणी कुठे साचतं, कुठल्या झाडाच्या मुळात पाणी धरलेलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. १८८० च्या दशकात असुन्सियोनमध्ये बसून नकाशावर रेघा मारून जमीन विकली. कार्लोस कासादो नावाच्या उद्योजकाने तर लाखो हेक्टर घेतले. त्याला केब्राचोचं झाड हवं होतं. नावाचा अर्थच ‘कुऱ्हाड मोडणारं’. त्यातलं टॅनिन काढून चामडं कमवायला जगभर पाठवायचे. कासादोने बंदर बांधलं, कारखाना काढला, रेल्वे टाकली. मेनोनाइटांनी जमीन घेतली ती त्याच्याच व्यवहारातली. तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. पुढे १९३२-३३ मध्ये, युद्धाच्या गदारोळात, देवीची साथ येऊन एनलेटांची गावंच्या गावं गेली.

आजही वसाहतीच्या कडेला त्यांच्या वस्त्या आहेत. बांधकाम, गोठे, कुंपणं, सगळीकडे तेच मजूर. माझ्या हाताखालचा वेल्डर निवाक्ले होता. निवाक्ले, स्पॅनिश, ग्वारानी, प्लाउटडीच अशा चार भाषा बोलायचा, पण संस्थेचा सभासद नव्हता. होऊ शकेल का असं मी एकदा विचारलं, तर हसला आणि वेल्डिंगचा चष्मा खाली ओढला.

सावोयामाक्सा नावाचा एनशेत लोकांचा समाज वीस वर्षांहून जास्त काळ रस्ता आणि कुंपण यांच्या मधल्या पट्टीत राहिला, स्वतःच्या जमिनीसमोर. आंतर-अमेरिकन मानवाधिकार न्यायालयाने २००६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. ती १४,४०४ हेक्टर जमीन परत द्यायचा कायदा व्हायला २०१४ उजाडलं. याच न्यायालयात चाकोतल्या आणखी दोन समाजांनी खटले जिंकलेत. उत्तरेकडे आयोरेओंपैकी काही जण अजूनही बाहेरच्या जगापासून लांब, रानातच राहतात. २००४ मध्ये त्यांच्यातले सतरा जण बाहेर आले. कारण सरळ होतं, बुलडोझर जवळ आले आणि पाण्याच्या जागा संपल्या.

जंगलाबद्दल: कायदा म्हणतो की जमीनदाराने पाव हिस्सा रान राखायचं. उरलेल्या पाऊण हिश्श्याचं काय होतं ते विमानाच्या खिडकीतून दिसतं. काटकोनात कापलेले चौकोन, मधे वाऱ्याला आडवी सोडलेली झाडांची पट्टी. त्या चौकोनात आपली पांढरी गाय आणि आपलं अंजन गवत. डॉक्टर, हे तुम्हाला लावून नाही बोलत, पण त्या दिवशी कुंपणापाशी मला जो आनंद झाला होता त्यात हे नंतर मिसळलं.

गुरांचा_डॉक्टर · १२ जून, सकाळी ७:००

नाही, बरोबर आहे. कमी पाण्यात तगणारं जनावर नेलं की जिथे गुरं जगणार नाहीत तिथेही लोक गुरं नेतात.

चष्मिस · १२ जून, सकाळी ११:१०

‘युद्धाच्या गदारोळात’ म्हणजे कुठलं युद्ध?

नकाशावेडा · १२ जून, दुपारी १२:३०

चाको युद्ध, १९३२ ते ३५, बोलिव्हिया विरुद्ध पॅराग्वे. दोन्ही देशांना समुद्र नाही, दोन्ही गरीब. खाली तेल आहे अशी बोलवा होती, बोलिव्हियाला पॅराग्वे नदीपर्यंत वाटही हवी होती. लाखाच्या आसपास माणसं मेली, त्यातली कितीतरी गोळीने नाही, तहानेने आणि रोगाने. थंड पठारावरून आणलेले बोलिव्हियन सैनिक या उन्हात कोसळले. लढाया झाल्या त्या किल्ल्यांसाठी म्हणायच्या, पण ‘किल्ला’ म्हणजे चार झोपड्या आणि एक विहीर. खरी लढाई विहिरीसाठी.

डाळिंबराव · १२ जून, रात्री ९:३०

सप्टेंबर १९३२ च्या बोकेरोनच्या लढाईची जागा मी पाहिली. खंदक अजून दिसतात. सैनिकांनी सामुऊचं पोट कोरून आत नेमबाज बसवला होता, असं एक झाड दाखवतात. मी गेलो तेव्हा ते फुलावर होतं. २९ सप्टेंबरला, बोकेरोन जिंकल्याच्या दिवशी, देशभर सुट्टी असते. (सुट्ट्यांचा माझा अभ्यास दांडगा आहे हे आता लक्षात आलं असेल.)

केतकीबन · १२ जून, रात्री १०:००

प्राणी? जंगल आहे म्हणताय तर काही दिसलं का?

डाळिंबराव · १२ जून, रात्री १०:४५

मुंगीखाऊ दिसला, शेपटीचा झाडू घेऊन रस्ता ओलांडताना. न्यांदू म्हणजे शहामृगाचा धाकटा भाऊ, तो शेतात कोंबडीसारखा फिरतो. खाऱ्या तळ्यांवर रोहित पक्षी. जग्वारचे फक्त ठसे.

पण गोष्ट सांगायची तर ताग्वाची. हा रानडुकरासारखा प्राणी. शास्त्रज्ञांनी १९३० मध्ये त्याच्या जीवाश्मावरून त्याला नाव दिलं आणि तो कधीच नामशेष झाला असं धरून चालले. १९७० च्या दशकात संशोधक चाकोत आले तर जिवंत कळप! जगभर बातमी झाली. मी हे त्या निवाक्ले वेल्डरला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, ‘आजोबा खायचे.’

तिरकस · १२ जून, रात्री १०:५१

दंडवत. आजोबांना पण, तुम्हाला पण.

आजीचा_डबा · १३ जून, सकाळी ८:३०

जायचं असेल तर कसं जायचं? आणि कधी?

डाळिंबराव · १३ जून, दुपारी १:००

असुन्सियोनहून फिलाडेल्फिया किंवा लोमा प्लाताची बस. जून ते ऑगस्ट जा, तेव्हा तिथे हिवाळा आणि रस्ते कोरडे. स्वेटर घ्या, दक्षिणेचा वारा सुटला की एका दिवसात वीस अंशांनी उतरतं. उत्तरेला जायचं असेल तर आता लोमा प्लाताहून नदीकाठच्या कार्मेलो पेराल्तापर्यंत डांबरी रस्ता झालाय, २०२२ मध्ये. ब्राझीलपासून चिलीच्या बंदरांपर्यंत ट्रक नेण्याचा तो मार्ग. घरमालक म्हणाला होता की आता सगळं बदलणार. त्याची आई म्हणाली, ट्रान्स-चाको झाला तेव्हाही हेच म्हणाले होते.

अवांतर: आज या धाग्याबद्दल त्याला निरोप पाठवला. म्हटलं, तुझ्या टाकीबद्दल मराठीत लिहिलंय, लोकांना आवडली. त्याचं उत्तर आत्ता आलं. टाकीबद्दल काही नाही. विचारतोय, ‘तुमच्याकडे किती मिलीमीटर?’

म्हटलं, अजून शून्य.

माढेकर · १३ जून, दुपारी ४:२०

पहिल्यांदाच लिहितोय. आमच्याकडे काल रात्री १२ झाला. कळवा त्याला.